चिनी अक्षरं लिहायला शिकताय? आधी रेघांचा क्रम हातात बसवा

वाचायच्या आधी एक काम करा, हाताशी असेल त्या कागदावर एक साधा चौकोन काढा. काढलात? आता आठवून सांगा पेन किती वेळा उचललं. आपल्यातले बरेचजण एका दमात गरगर फिरवून चौकोन बंद करतात, काहीजण चार बाजूंच्या चार रेघा मारतात. चिनी माणूस तोच चौकोन तीन रेघांत काढतो: आधी डावीकडची उभी, मग वरची आडवी जाऊन पेन न उचलता तिथूनच उजवीकडे खाली, आणि शेवटी तळाची आडवी. हा चौकोन म्हणजे 'तोंड' ह्या अर्थाचं अक्षर, आणि त्याच्या रेघा तीन म्हणजे तीनच, चार नाही आणि एक तर नाहीच नाही.

मी सुरुवातीचे दोन-तीन महिने असाच स्वतःच्या मनाने चौकोन काढत होतो, दिसायला छान दिसायचा, त्यामुळे कुणी टोकलं नाही. मग एकदा फोनवर चिनी स्ट्रोक कीबोर्ड टाकला (त्याबद्दल पुढे सांगतो) आणि मला 'येत असलेली' निम्मी अक्षरं त्यात उमटेचनात. तेव्हा कळलं की मी अक्षरं लिहीत नव्हतो, अक्षरांची चित्रं काढत होतो. आणि चित्र डोक्यातून पुसलं जातं हो, आठवड्याभरात जातं. क्रमाने लिहिलेलं मात्र हाताला आठवतं. डोकं विसरलं तरी पहिली रेघ मारली की हात पुढचं आपोआप काढतो, जशी आपली सही.

एक सांगून ठेवतो, ह्या लेखात मी एकही चिनी अक्षर टाकलेलं नाही आणि ते मुद्दाम. अक्षर समोर दिसलं की आपण नक्कल करतो आणि क्रमाकडे दुर्लक्ष होतं. मी रेघा सांगत जातो, तुम्ही काढत जा, शेवटी कागदावर जे उमटेल ते अ‍ॅपमध्ये पडताळून बघा. उच्चारही देवनागरीत जेमतेमच बसतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अक्षराचा अर्थच लिहिलाय.

पायरी १: वही आणि बैठक

चीनमध्ये पोरं पहिलीत ज्या वहीत लिहितात तिच्या प्रत्येक चौकटीत एक तुटक उभी आणि एक तुटक आडवी रेघ असते, म्हणजे चौकटीचे चार भाग होतात. तिचं नावच 'शेत'-चौकट आहे, कारण चिनीत 'शेत' हे अक्षर अगदी असंच दिसतं, बांध घालून चार तुकडे केलेल्या वावरासारखं. ही वही ऑनलाइन मिळते पण काही गरज नाही. आपली गणिताची चौकटीची वही घ्या आणि दोन बाय दोन अशा चार चौकटी मिळून एक मोठी चौकट धरा. झालं शेत तयार. आणखी एक प्रकार असतो ज्यात तिरक्या रेघाही असतात, त्याला 'तांदूळ'-चौकट म्हणतात, ती ब्रशवाल्यांना जास्त लागते, आपल्याला सध्या नको.

चौकट कशासाठी, तर प्रत्येक अक्षर दोन रेघांचं असो नाहीतर वीस रेघांचं, जागा सारखीच घेतं. आपल्या दुरेघी वहीत अक्षर शिरोरेघेला लटकतं, इथे अक्षर चौकटीच्या मध्यावर उभं राहतं. हा फरक पहिल्या दिवसापासून हाताला लावा.

पेन्सिल घ्या, चिनी शाळेतही लहान वर्गांत पेन्सिलच असते. नंतर बारीक टोकाचं जेल पेन. बॉलपेन घसरतं त्यामुळे रेघेचा शेवट कसा करायचा ते कळत नाही. बसायचं कसं त्याचं तिथल्या शाळेत एक ठरलेलं माप आहे: डोळे कागदापासून एक चिनी फूट (साधारण ३३ सेंटिमीटर), छाती टेबलापासून एक मूठ, आणि बोटं पेनच्या टोकापासून एक चिनी इंच, म्हणजे तीन-साडेतीन सेंटिमीटर. मला आधी हे उगाच वाटलं होतं, पण बोटं अगदी टोकाशी धरली की लांब तिरक्या रेघा मारताच येत नाहीत, करून बघा.

पायरी २: रेघा ओळखा

घाईत अक्षरांवर उडी मारू नका, दोन-तीन दिवस फक्त रेघा काढा. धुळाक्षरं गिरवल्यासारखंच आहे हे.

मूळ रेघा आठ धरतात. हंग म्हणजे आडवी, डावीकडून उजवीकडे, किंचित वर चढत गेली तर छान दिसते. शू म्हणजे उभी, वरून खाली. फ्ये म्हणजे डावीकडे खाली उतरणारी तिरकी, सुरुवातीला जोर आणि शेवटी निमुळती. ना म्हणजे उजवीकडे खाली उतरणारी, हिच्या शेवटी पाय पसरल्यासारखा जाड भाग येतो. द्येन म्हणजे ठिपका, पण आपल्या अनुस्वारासारखा टिंब नाही, ती छोटीशी तिरकी रेघ असते, टेकवून दाबायची. थी म्हणजे खालून वर उजवीकडे मारलेला झटका. मग जऽ म्हणजे मोड, जिथे रेघ पेन न उचलता दिशा बदलते. आणि गोऊ म्हणजे हुक, रेघेच्या शेवटी दिलेला छोटा झटका.

ह्यातल्या मोड आणि हुक ह्या दोन्ही गोष्टी एकट्या येत नाहीत, दुसऱ्या रेघांना जोडून येतात, आणि नवशिक्यांचा गोंधळ नेमका तिथेच होतो. आडवी-मोडून-खाली-मग-हुक ही सगळी मिळून एकच रेघ असते. पेन उचललं नाही तोपर्यंत रेघ एकच, मग ती कितीही वळणं घेवो. त्या चौकोनाच्या तीन रेघांचं गुपित हेच.

एक अक्षर आहे 'योंग', अर्थ 'कायमचं'. फक्त पाच रेघांचं, पण आठही मूळ प्रकार त्यात येतात म्हणून शेकडो वर्षं लोक त्याच्यावर हात घासतात. वांग शीजृ नावाच्या थोर सुलेखनकाराने इ. स. ३५३ मध्ये लिहिलेला जो गाजलेला मजकूर आहे त्याची सुरुवातच ह्या अक्षराने होते. तुम्ही पहिल्या आठवड्यात हे अक्षर सुंदर काढायच्या नादाला लागू नका, वैतागाल. महिन्याभराने काढा.

पायरी ३: नियम

नियम सगळीकडे यादी करून दिलेले असतात, पाठ करायला सोपे, पण पाठ करून उपयोग नाही, अक्षर काढताना ते सापडले पाहिजेत. म्हणून पेन हातात घ्या.

'दहा' काढा. अधिकच्या चिन्हासारखं आहे, आडवी आधी मग उभी. हा पहिला नियम. 'तीन' काढा, तीन आडव्या, वरून खाली, मधली सगळ्यात आखूड आणि खालची सगळ्यात लांब. वरचं आधी खालचं नंतर हा दुसरा. 'माणूस' काढा, आधी डावीकडची फ्ये मग उजवीकडची ना, दोन्ही वर जुळतात. आता हेच दोन पाय वर न जुळता मध्ये फट ठेवून काढले तर ते 'आठ' होतं, आणि उजवा पाय डाव्याच्या डोक्यावर चढला तर 'आत शिरणे'. तिन्हीत रेघा दोनच, क्रमही तोच, फक्त जुळणी वेगळी, त्यामुळे इथे आळस केला की माणसाचा आठ होतो.

'माणूस'च्या वर एक आडवी आरपार मारा, 'मोठा' झाला: आडवी, फ्ये, ना. 'दहा'ला खालून दोन तिरक्या द्या, 'झाड' झालं: आडवी, उभी, फ्ये, ना. चार रेघा.

आता 'सूर्य'. हा म्हणजे उभा चौकोन, मध्ये एक आडवी. इथे तो मोठा नियम येतो: आधी बाहेरची भिंत, मग आतलं सामान, मग तळाची रेघ मारून दार बंद. म्हणजे डावी उभी, वरची मोडून खाली, मधली आडवी, शेवटी तळाची. आपण सवयीने चौकोन आधी पूर्ण बंद करतो आणि मग आत काहीतरी कोंबतो, हे चुकीचं. घरातले सगळे आत आल्याशिवाय कडी लावायची नाही, एवढं लक्षात ठेवा. 'देश' हे अक्षर आठ रेघांचं, बाहेर चौकोन आणि आत 'जेड' नावाचा मौल्यवान दगड, तिथेही तसंच, दोन रेघांत तीन बाजू, मग पाच रेघांत आतला दगड, आणि आठवी रेघ तळाची.

पण 'दार बंद' असलं तरी पेटी उजवीकडून उघडी असेल तर हिशोब बदलतो. 'वैद्यक' हे अक्षर असंच आहे: आधी वरचं छप्पर, मग आतलं सगळं, आणि मग डावी भिंत व तळ मिळून एकच मोडलेली रेघ. डावी भिंत आधी मारायचा मोह प्रचंड होतो, मला अजून होतो.

मधली रेघ दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी असेल आणि बाजू सारख्याच असतील तर मधली आधी. 'लहान' काढा, मधली हुकवाली उभी, मग डावीकडची छोटी फ्ये, मग उजवा ठिपका. 'पाणी' पण तसंच, मधली हुकवाली, मग डावीकडची एका रेघेतली मोड, मग उजवीकडच्या दोन. आता लगेच 'आग' काढायला जाल आणि फसाल, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या छोट्या रेघा आधी येतात, डावा ठिपका मग उजवीकडची छोटी फ्ये, आणि मधला 'माणूस' शेवटी. आग आणि पाणी नियमातसुद्धा एकमेकांच्या विरुद्ध, असं म्हणून मी ते लक्षात ठेवलंय, शास्त्रीय कारण वगैरे नाही.

सगळं अक्षर भेदून आरपार जाणारी उभी रेघ शेवटी मारायची. 'मध्य' हे अक्षर, चीनच्या नावातलं पहिलं, म्हणजे एक आडवा चौकोन आणि त्याला वरपासून खालपर्यंत चिरत जाणारी रेघ: चौकोन पूर्ण तीन रेघांत, मग ती उभी. अशीच आडवी आरपार जात असेल तर तीही शेवटी, 'मूल' आणि 'बाई' ह्या दोन अक्षरांत बघा. 'बाई' काढताना सगळे नवशिके आडवी आधी मारतात कारण 'आडवी आधी' हा नियम नुकताच पाठ केलेला असतो, पण इथे पहिली रेघ तिरकी खाली येऊन उजवीकडे मोडते, दुसरी फ्ये, आणि तिसरी ती आडवी. बाई डावीकडे आणि मूल उजवीकडे लिहिलं की 'हाओ' होतं, म्हणजे 'चांगलं'. नी-हाओ मधलं हाओ. सहा रेघा, डावं पूर्ण करून मग उजवं.

ठिपक्यांचं थोडं वेगळं आहे. ठिपका वर किंवा वर डावीकडे असेल तर तो आधी, जसं 'दार' ह्या अक्षरात. आत किंवा वर उजवीकडे असेल तर सगळ्यात शेवटी, जसं 'पुस्तक' आणि 'मी'. 'मी' हे सात रेघांचं अक्षर पहिल्याच आठवड्यात समोर येतं आणि घाम काढतं: फ्ये, लांब आडवी, हुकवाली उभी, खालून वर झटका, मग लांब तिरका हुक, त्यावरून एक फ्ये, आणि शेवटी वर उजवीकडे ठिपका.

खाली नावेसारखं पसरलेलं जे 'चालण्याचं' अंग (म्हणजे अक्षराचा एक तुकडा) असतं, 'हा', 'रस्ता', 'जवळ', 'दूर' अशा कितीतरी अक्षरांत, ते शेवटी लिहायचं. आधी वरचा उतारू, मग त्याच्याखाली नाव. पण 'उठणे' सारख्या अक्षरात जे लांब पायाचं अंग असतं ते मात्र आधी पूर्ण करायचं आणि मग त्याच्या पायावर आतला भाग बसवायचा. का म्हणून विचाराल तर ते अंग स्वतःच एक पूर्ण अक्षर आहे आणि पहिलं तसं नाही, एवढं पुरे.

आणि दोन अक्षरं जी जवळपास सगळ्यांची चुकतात: 'नऊ' आणि 'ताकद'. दिसायला भावंडं. 'नऊ' मध्ये फ्ये आधी आणि वळणाची हुकवाली नंतर, 'ताकद' मध्ये बरोब्बर उलटं. दोन्ही शेजारी-शेजारी दहा वेळा काढा आणि सोडून द्या.

पायरी ४: कुठल्या देशाचा क्रम

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. रेघांचा क्रम सगळीकडे एकच नाही. मला सुरुवातीला कुणाकडून तरी झेरॉक्सचा एक गठ्ठा मिळाला होता, त्यातला अक्षरांचा तक्ता जपानी होता हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत 'राजा' हे अक्षर मी आडवी, उभी, आडवी, आडवी असं घोटून पक्कं केलं होतं. जपानी क्रम म्हणून ते बरोबर आहे. चीनमध्ये मात्र आडवी, आडवी, मग उभी, मग तळाची आडवी. 'शेत'चंही तसंच, आतला बांध चीनमध्ये आडवा आधी, जपानमध्ये उभा आधी. 'उजवा' हे अक्षर चीनमध्ये आडवीने सुरू होतं, जपानमध्ये फ्येने. मोडायला महिना गेला ती सवय.

तर ठरवून टाका. मुख्य चीन, सिंगापूर, मलेशियासाठी शिकत असाल तर सुलभ अक्षरं आणि चीनचा क्रम. ही सुलभ अक्षरं १९५६ च्या योजनेतून आली. 'घोडा' आधी दहा रेघांचा होता तो तीन रेघांवर आला, 'दार' आठाचं तीन झालं. चीन सरकारने २०१३ साली ८१०५ अक्षरांचा अधिकृत तक्ता काढला, आणि त्या सगळ्यांच्या रेघांचा क्रम ठरवून देणारं मानक १ मार्च २०२१ पासून लागू आहे. तैवानला जाणार असाल तर जुनी पूर्ण रूपं शिका आणि तिथल्या शिक्षण खात्याचा क्रम धरा, त्यांची पुस्तिका १९९६ ची आहे. दोन्हींत बहुतेक अक्षरं सारखीच चालतात, थोडी वेगळी. कुणाचा बरोबर आणि कुणाचा चूक ह्या वादात पडू नका, एक धरा आणि सोडू नका. आणि अ‍ॅप किंवा तक्ता घेताना तो नक्की चिनी आहे ना ते 'राजा' काढून तपासा, ही माझी कसोटी आहे.

पायरी ५: अंगं

सुटी अक्षरं पन्नास-साठ झाली की लक्षात येतं की नवीन अक्षर म्हणजे जुन्याच तुकड्यांची जोडणी आहे. कोशात शब्द शोधायला जे मूळ तुकडे धरतात त्यांना रॅडिकल म्हणतात. १७१६ च्या खांगशी ह्या जुन्या चिनी कोशात ते २१४ होते. आपल्याला सुरुवातीला तीस-चाळीस पुरतात: माणूस, पाणी, झाड, तोंड, हात, बाई, बोलणे, खाणे, धातू वगैरे. प्रत्येक तुकड्याचा क्रम एकदा बसला की पंधरा रेघांच्या अक्षराचीही भीती जाते, कारण तुम्ही पंधरा रेघा लक्षात ठेवत नाही, तीन तुकडे लक्षात ठेवता. शिआन भागात 'ब्यांग-ब्यांग' नूडल्सच्या पाटीवर पन्नासाहून जास्त रेघांचं एक अक्षर असतं, ते सुद्धा असंच तुकड्या-तुकड्याने लिहितात (ते शिकू नका, फक्त फोटो काढा).

आता ह्यातली खरी मजा. तुकडा डावीकडे बसला की अंग चोरतो. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा आला की आपण कसं सरकतो, गुडघे आत घेतो, तसं. 'झाड' एकटं असताना त्याची शेवटची ना ऐसपैस पसरते, पण दोन झाडं शेजारी लिहून 'वन' करायचं तर डाव्या झाडाची ना आखडून नुसता ठिपका होते, नाहीतर ती उजव्या झाडात घुसेल. 'माती', 'राजा' डावीकडे आले की त्यांची तळाची आडवी तिरकी होऊन वर उजवीकडे झटका मारते, म्हणजे पेन आपोआप पुढच्या भागाच्या सुरुवातीकडे जातं. आणि 'बैल' किंवा 'गाडी' डावीकडे बसले तर रेघांचा क्रमसुद्धा बदलतो: एकटे असताना उभी रेघ शेवटी येते, डावीकडे असताना उभी आधी आणि तो वर जाणारा झटका शेवटी. हे कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की क्रम कुणी वरून लादलेला नाही, हाताच्या सोयीतून आलाय. भरभर लिहिताना एका रेघेचं शेपूट पुढच्या रेघेच्या तोंडाला लागतं, क्रम चुकला की शेपटं भलतीकडे जातात आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही. 'पुस्तक', 'गाडी', 'पूर्व' ह्यांची आजची सुलभ रूपं तर अशा भरभर लिहिण्यातूनच आली आहेत, म्हणून ती नुसती बघून क्रम ओळखताच येत नाही, शिकावा लागतो.

पायरी ६: रोजचा सराव

शाळेत शंभर वेळा लिहायची शिक्षा मिळाली की आपण काय करायचो? आधी खालपर्यंत सगळ्या ओळींत 'मी' 'मी' 'मी' लिहायचं, मग 'उद्या' 'उद्या' 'उद्या'. चिनी अक्षराचं असं करू नका. मी केलंय, पानभर आडव्या आधी मारून घ्यायच्या, मग पानभर उभ्या. वही भरते आणि डोकं रिकामं राहतं.

त्यापेक्षा असं: दिवसाला पाच अक्षरं, जास्त नाही. आधी अ‍ॅपमध्ये अ‍ॅनिमेशन दोनदा बघा. प्लेको हा कोश फुकट आहे आणि चांगला आहे, त्यातल्या रेघांच्या आकृत्या मात्र वेगळे पैसे देऊन घ्याव्या लागतात. फुकटात हवं तर हान्झी रायटर वापरणाऱ्या साइट्स आहेत, त्या रेघ चुकली की तिथल्या तिथे सांगतात. मग बोटाने हवेत काढा, आणि काढताना रेघेचं नाव मोठ्याने म्हणा, हंग, शू, फ्ये, ना. चिनी शाळेत अख्खा वर्ग हात वर करून एका सुरात हेच करत असतो, त्याला 'हवेत लिहिणे' अशाच अर्थाचा शब्द आहे. घरचे हसतील, हसू द्या. मग तीनदा बघून लिहा, मग पान उलटून तीनदा न बघता. अडलात तर त्याच रेघेपासून पुढे काढू नका, खोडा आणि पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी नवीन पाच घ्यायच्या आधी कालची पाच न बघता. एवढंच, वीस मिनिटं.

कागद वाया जातोय असं वाटत असेल तर बीजिंगच्या बागांमधल्या म्हाताऱ्यांचा उपाय करा: ते मोठा स्पंजचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर लिहितात, अक्षर वाळून उडून जातं आणि पुन्हा लिहायला जागा मोकळी. आपल्याकडे गच्चीवर शहाबादी फरशी असेल तर काय बघायलाच नको, ओली झाली की काळी पडते आणि अक्षर मस्त उठून दिसतं. लहान मुलांना शिकवताना पाटीपेक्षा हे जास्त चालतं.

डावखुऱ्यांनी क्रम उलटा करू नये, कागद थोडा तिरका करावा, हळूहळू जमतं.

आणि किती अक्षरं हाताने लिहायची? परदेशी लोकांसाठी असलेल्या चिनी भाषेच्या परीक्षेच्या २०२१ च्या मानकात एकूण ओळखायची अक्षरं ३००० आहेत पण हाताने लिहायची फक्त १२००, त्यातली प्राथमिक पातळीची ३००. म्हणजे वाचता येणारं प्रत्येक अक्षर लिहिता आलंच पाहिजे असं काही नाही. खुद्द चिनी लोकही फोनवर टाइप करून करून इतके सैलावलेत की 'पेन उचललं आणि अक्षर विसरलं' अशी चार अक्षरी म्हण तिथे रोजच्या बोलण्यात आहे.

पायरी ७: स्वतःला तपासा

स्ट्रोक कीबोर्डचं म्हटलं होतं ते आता. फोनच्या भाषांच्या सेटिंगमध्ये चिनी सुलभ लिपीत 'स्ट्रोक' असा पर्याय असतो. त्यात फक्त पाच बटणं: आडवी, उभी, फ्ये, ठिपका, मोड. ना हीसुद्धा ठिपक्याच्या बटणात येते, झटका आडवीच्या बटणात, आणि सगळी मोडवाली कुळं एका बटणात. नंबरवाल्या जुन्या मोबाइलवर चिनी लोक एक ते पाच आकडे दाबून असंच लिहायचे. 'मोठा' हवं असेल तर आडवी, फ्ये, ठिपका. क्रम बरोबर असेल तर अक्षर समोर येतं, चुकला तर येत नाही किंवा भलतंच येतं, आणि हा परीक्षक लाच घेत नाही. बोटाने स्क्रीनवर लिहायचा जो दुसरा कीबोर्ड असतो तो मात्र फार दयाळू आहे, चुकीच्या क्रमाने काढलं तरी बऱ्याचदा ओळखतो, म्हणून तपासायला तो वापरू नका.

छापील कोश हाताशी असेल तर तीही चांगली परीक्षा. तिथे आधी रॅडिकल शोधायचं त्याच्या रेघा मोजून, मग उरलेल्या भागाच्या रेघा मोजून त्या यादीत जायचं. रेघ एक जरी जास्त मोजली तरी अक्षर सापडत नाही.

शेवटी एक मोठा सराव देतो, आपल्याच माणसाच्या नावाचा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना 'के दिहुआ' म्हणून ओळखतात. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावाचं शेवटचं अक्षर 'हुआ' आहे, म्हणजे चीन. त्यांच्या हयातीत ते जुन्या पूर्ण रूपात लिहीत असणार, आज सुलभ रूप लिहितात, आपण तेच काढू.

'के': डावीकडे अंग चोरलेलं झाड, म्हणजे आडवी, उभी, फ्ये आणि ना-ऐवजी ठिपका. उजवीकडे वरची लांब आडवी, मग तिच्याखाली छोटा चौकोन तीन रेघांत, मग आडवीपासून खाली येणारी हुकवाली उभी सगळ्यात शेवटी. नऊ रेघा.

'दि': पुन्हा तेच झाड डावीकडे, चार रेघा. उजवीकडे वर आडवी-मोडून-खाली, मग दोन आडव्या ज्यातली वरची लांब, मग मधून हुकवाली उभी, आणि तिच्या दोन्ही अंगाला 'पाणी'सारख्या चार छोट्या: ठिपका, झटका, फ्ये, ना. झाड धरून बारा. ही ना पसरू द्या, उजवीकडे कुणी बसलेलं नाही.

'हुआ': डावीकडे फ्ये आणि उभी, उजवीकडे फ्ये आणि मग उभी खाली जाऊन उजवीकडे वळणारी हुकवाली. आणि ह्या दोघांच्या खाली, मध्ये, आपण अगदी सुरुवातीला काढलेला 'दहा': आडवी, मग उभी. सहा.

नऊ, बारा आणि सहा, सत्तावीस. तुमच्या अठ्ठावीस भरल्या तर बहुतेक त्या चौकोनात चार मारल्यात.